पावण्याची वायर

छत्रीलाही पत्ता असतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. आमच्या महाविद्यालयाच्या कर्मचारी-कक्षात ती दाराशेजारच्या कोपऱ्यात उभी असे. तिच्या मुठीभोवती, दवाखान्यात जखमेवर लावतात तसली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर निळ्या शाईत, चौथीतल्या मुलाच्या वळणाने लिहिलेले होते: ‘कळंबा – लॅब दोन’. छत्रीच्या मालकाच्या डब्यावर ‘घर – कॉलेज’ अशी पट्टी होती, आणि डबा उलटा केला तर बुडाला ‘कॉलेज – घर’ अशी दुसरी. हेल्मेटवर होती, चष्म्याच्या घरावर होती. मी एकदा न राहवून विचारले, की वस्तू हरवलीच तर ती सापडणाऱ्याला मालकाचे नाव नको का?

“नावाचं काय करायचंय, सर?” ते म्हणाले. “वस्तू कुठनं निघाली आन् कुठं जायाची, एवढं कळलं की कुणी बी पोचवतंय. नाव लिवलं तर लोक नावाकडंच बघत बसत्यात.”

हे गृहस्थ आमच्याकडे नेटवर्किंगचे प्रात्यक्षिक शिकवीत. संगणक एकमेकांना कसे जोडतात आणि जोडल्यावर ते एकमेकांशी कसे बोलतात, हे ज्यांना मुळीच ठाऊक नाही अशा मुलामुलींना ते अगदी पहिल्या पायरीपासून सांगायचे, हे त्यांचे काम. नेमणूक तासिकेवर, म्हणजे जेवढे तास तेवढेच काम, आणि दर जूनमध्ये नवे पत्र. अशी अकरा पत्रे त्यांच्याकडे जमली होती. आमच्याकडे प्राध्यापकांना ‘सर’ म्हणायचे आणि शिपायांना ‘मामा’, अशी रीत आहे. हे दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडत असल्यामुळे कोणीतरी त्यांना ‘मास्तर’ करून टाकले. त्या शब्दात थोडा आदर होता आणि थोडी थट्टा. किती काय होते, हे म्हणणाऱ्याच्या आवाजावरून ठरे. मी विभागप्रमुख होतो. माझ्या आवाजात काय असे, याचा विचार मी त्या काळात केला नाही. आता करतो.

मास्तर या विषयात मागच्या दाराने, किंवा खरे सांगायचे तर गच्चीवरून आले होते. घरोघरी तारेने टीव्ही दाखवण्याचा धंदा जोरात होता त्या काळी ते पेठापेठांतून केबल ओढत. कोल्हापूर त्यांना वरून पाठ होते. एखाद्या गल्लीचे नाव काढले की ते डोळे मिटून सांगत, “त्या पिवळ्या बिल्डिंगीच्या गच्चीवर पापड वाळत घालत्यात, तिथं चप्पल काढून जायाचं. त्याच्या म्होरल्या गच्चीवर कुत्रं हाय. लांबनंच वायर टाकायची आन् पळायचं.” पुढे घराघरांवर डिशच्या तबकड्या आल्या आणि केबलचा धंदा बसला. तेव्हा वयाच्या पस्तिशीत, अर्ध्या वयाच्या मुलांच्या शेजारी बाकावर बसून त्यांनी पदविका पुरी केली होती.

त्यांच्या शिकवण्यात पुस्तकाला फारसा प्रवेश नसे. गेटवे म्हणजे काय, हा प्रश्न मी पंचवीस वर्षे फळ्यावर एक ढग काढून समजावत आलो आहे. मास्तर ढग काढत नसत.

“आजऱ्याला जायचंय,” ते म्हणत. “गल्लीतल्या रिक्षावाल्याला आजऱ्याची वाट म्हाईत असाय पायजे काय?”

“न्हाय,” वर्ग म्हणे.

“मग त्यो काय करतोय?”

“स्टँडवर सोडतोय.”

“झालं. त्याचं काम संपलं. म्होरलं स्टँडवाला बघंल. तुझ्या कम्प्युटरला अमेरिकेची वाट म्हाईत न्हाय, लेका. त्याला फकस्त आपला स्टँड म्हाईत हाय. त्यालाच गेटवे म्हणायचं.”

प्रत्येक यंत्राला दोन पत्ते का असतात, हेही ते असेच सांगत. एक पत्ता कारखान्यातून कोरून येतो, तो अंगावरच्या तिळासारखा. दुसरा, ज्याला आयपी म्हणतात, तो भाड्याच्या खोलीसारखा. “खोली बदलली की पत्ता बदलला. तीळ कुठं जातोय?” सगळ्या संगणकांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या हब आणि स्विच या दोन पेट्यांतला फरक सांगताना ते हबला ग्रामपंचायतीचा भोंगा म्हणत, बोलावणे एकाला, ऐकणार सगळा गाव. स्विच म्हणजे मात्र कोणते घर कोणाचे हे ध्यानात ठेवून त्याच दारात चिठ्ठी टाकणारा पोस्टमन. हे ऐकून मी मनात हसत असे. परीक्षेत माझ्या ढगापेक्षा त्यांचा पोस्टमन अधिक उत्तरपत्रिकांत उतरलेला दिसे, तेव्हा हसणे जरा कमी होई.

पण मास्तरांची खरी खोड वेगळी होती. नेटवर्कमध्ये पाठवलेली गोष्ट पोचली की पोचल्याची खूण परत यावी लागते. ती आली नाही तर पाठवणारा थोडे थांबतो आणि तीच गोष्ट पुन्हा पाठवतो. हा नियम मास्तरांनी संगणकापुरता ठेवला नाही. ते कोणाशीही बोलले की वाक्याच्या शेवटी “पोचलं का?” असे विचारत, आणि समोरच्याने “पोचलं” असे तोंडाने म्हणेपर्यंत पुढचे वाक्य काढत नसत. कँटीनवाल्याला “एक चा, साखर कमी” सांगून ते काउंटरपाशी उभे राहत. कँटीनवाला आधी वैतागला, मग शिकला. पुढे पुढे तो भजी तळता तळता पाठमोराच “पोचलं, मास्तर” म्हणून ओरडे.

एकदा त्यांनी हा प्रयोग थेट प्राचार्यांवर केला. लॅब दोनमध्ये उन्हाळ्यात बसवत नसे, म्हणून तीन पंखे हवेत, अशी मागणी त्यांनी सर्वांच्या बैठकीत मांडली आणि विचारले, “पोचलं का, सायेब?” प्राचार्य कागदात पाहत होते. उत्तर आले नाही. मास्तरांनी मनात पाच अंक मोजल्यासारखे ओठ हलवले आणि तीच मागणी पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगितली. प्राचार्यांनी मान वर करून “काय?” असे विचारले. मास्तरांनी या वेळी जरा जास्त वेळ थांबून तिसऱ्यांदा सांगितली. अखेर प्राचार्य म्हणाले, “पोचलं हो, पोचलं. बसा खाली.”

पंखे आले नाहीत. मास्तर मात्र प्रसन्न होते. मी थोड्या खवचटपणे विचारले, “काय मास्तर, पंखे कुठे आहेत?”

“पोच म्हंजे उत्तर न्हवं, सर,” ते शांतपणे म्हणाले. “आपलं म्हणणं तिकडं गेलं, एवढंच कळलं. उत्तराचं म्होरं बघू.”

एकटा मी त्यांना ‘पोचलं’ कधी म्हणालो नाही. विभागप्रमुखाने कँटीनवाल्यासारखे ओरडावे, हे मला शोभत नाही असे वाटे. मी मान हलवत असे. ते क्षणभर माझ्या मानेकडे पाहत आणि म्हणत, “तुमच्या मानंचा भरवसा न्हाय, सर. तोंडानं सांगा की.” मी दुसरा विषय काढत असे. माझ्या बाबतीत ते मग पुन्हा पाठवण्याचा नियम मोडत आणि गप्प बसत. तो मी माझा विजय समजत होतो.

एका शनिवारी मी केबिनमध्ये वेळापत्रक जुळवत होतो. एक मुलगी आत आली, माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवून निघून गेली. चिठ्ठीवर ‘३’ आणि खाली ‘ओलं खोबरं’. मागोमाग जिन्याच्या बाजूने एक मुलगा धापा टाकत आला: ‘१, मटणाचं पाणी’. मग ग्रंथालयाकडून ‘५, खसखस’. अर्ध्या तासात माझ्या वेळापत्रकावर पांढऱ्या रस्स्याची पाककृती सांडली होती. मोठा निरोप तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन, निरनिराळ्या वाटांनी कसा पाठवतात, याचे ते प्रात्यक्षिक होते, आणि पोचण्याचे ठिकाण म्हणून मास्तरांनी मला न विचारता माझे टेबल निवडले होते. थोड्या वेळाने ते स्वतः दारात आले, मागे सगळा वर्ग.

“सर, कुठला नंबर आला न्हाय?”

मी रागावलेलो होतो. तरीही हात आपसूक चिठ्ठ्या लावू लागले. “सात नाही,” मी म्हणालो.

“सातवी परत पाठवा रे.” नवी चिठ्ठी आली: ‘७, मीठ’. तेवढ्यात मूळची सातवी घेऊन निघालेला मुलगा वडापावचा वास अंगावर घेऊन कँटीनमधून आला आणि त्यानेही आपली चिठ्ठी टेबलावर ठेवली.

“आता दोन सात झाले,” मास्तर वर्गाकडे वळले. “काय करायचं?”

“एक काढून टाकायचा.”

“न काढता तसंच केलं तर?”

“रस्सा खारट,” वर्ग एका सुरात म्हणाला. मी दार लावून घेतले. पण त्या संध्याकाळी घरी जेवताना मी पत्नीला ही हकिकत सांगितली आणि आम्ही दोघे बराच वेळ हसलो, हे मी मास्तरांना कधी सांगितले नाही.

आणखी एक पाठ सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. वरांड्याच्या दोन टोकांना मास्तरांनी दोन मुले उभी केली होती. नियम एकच: कानावर जे येईल ते तसेच्या तसे मोठ्याने म्हणायचे. मास्तरांनी मधे उभे राहून एकदाच “चला जेवायला” म्हटले. पहिला ओरडला, ते ऐकून दुसरा ओरडला, ते ऐकून पुन्हा पहिला. मग त्यांनी आणखी चार मुले त्यात सोडली. दोन मिनिटांत कोणाचे काय चालले आहे हे कोणाला कळेना. शेजारच्या वर्गात तास घेणे अशक्य झाले, म्हणून मी तावातावाने गेलो.

“ह्याला लूप म्हणत्यात, सर,” मास्तर त्या गोंगाटातून माझ्या कानाशी म्हणाले. “एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचात घातली की आस्सं हुतंय. एक हाक गोल गोल फिरत ऱ्हाते, वाढत ऱ्हाते, आन् सगळी लॅब बंद. दोन मिन्टं ऐकून जावा, फायद्याचं हाय.”

“आवाज कमी करा,” मी म्हणालो आणि परत फिरलो.

त्या वर्षी विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती. समितीने लॅब मान्य केली, तर तासिकेवरची ती नेमणूक कायम करायची, असे संस्थेने तोंडी कबूल केले होते. मास्तर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते; वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. ते त्याविषयी फारसे बोलत नसत. पण एके दिवशी त्यांनी लॅबमधले कपाट उघडून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी मला दाखवली. पेंटरकडून लिहून घेतलेली, कडेला पिवळी रेघ, वर त्यांचे पूर्ण नाव आणि खाली ‘निदेशक, नेटवर्किंग’. आयुष्यात कशावरही नाव न लिहिणारा माणूस.

“कायम झालो की दारावर लावणार,” ते म्हणाले. “तवर झाकून ठेवलीय. पोचलं का?”

मी मान हलवली.

समितीच्या दिवशी सकाळी मी मास्तरांना पाहुण्यांना आणायला गाडीबरोबर पाठवले. शहराच्या वाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक नव्हत्या, असे कारण मी दिले. खरे कारण असे, की समिती लॅबमध्ये शिरताना दारात मला उभे राहायचे होते. ते गेल्यावर मी लॅब उघडली. भिंतीवरच्या स्विचमधून पंचवीस-तीस वायरी निघाल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना त्या दवाखान्याच्या पट्ट्या: ‘स्विच – मशीन चार’, ‘मशीन चार – स्विच’. काही मळलेल्या, काहींची कडा सुटलेली. मला ते दृश्य एखाद्या जखमी माणसासारखे वाटले. बाहेरून येणारी मोठी माणसे हे पाहून काय म्हणतील? मी एकेक पट्टी सोलायला सुरुवात केली. सगळ्या काढल्या. त्यांचा चिकट गोळा झाला, तो टाकायला जागा दिसेना म्हणून पँटच्या खिशात घातला.

एक वायर स्विचमधून निघून खाली नुसती लोंबत होती. तिच्या मोकळ्या टोकाला पट्टी होती: ‘पावणं’. बाहेरचा कोणी स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला तर त्याच्यासाठी ती राखून ठेवलेली होती, हे मला नंतर आठवले. त्या क्षणी फक्त अव्यवस्था दिसली. मी ती पट्टीही काढली आणि ते लोंबते टोक स्विचमधल्याच एका रिकाम्या जागेत नीट बसवून टाकले. टक् असा आवाज आला. स्विचवरचे सगळे हिरवे दिवे एकदम, एका लयीत लुकलुकू लागले. मला वाटले, लॅब कामाला लागली. मी समाधानाने हात झटकले.

समिती अकराला आली. अध्यक्षांनी एका विद्यार्थिनीला लॅबच्या सर्व्हरवरचे एखादे पान उघडायला सांगितले. पान उघडेना. शेजारच्या यंत्रावर उघडेना. कुठल्याच यंत्रावर उघडेना. मास्तर समितीच्या मागे उभे होते. ते पुढे आले, त्यांनी स्विचवरच्या दिव्यांकडे पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे काहीतरी उमटले. त्यांनी पट्टी वाचण्यासाठी हात वायरींकडे नेला आणि तो तिथेच थांबला. वाचण्यासारखे काही उरले नव्हते.

ज्या कामाला पट्ट्या असत्या तर दहा सेकंद लागले असते, त्यासाठी मास्तर बाकांखालून सरपटत एकेक वायर हाताने चाचपत गेले. आम्ही सारे उभे राहून त्यांच्या पायांचे तळवे पाहत होतो.

“ही जोडणी कोणी केली?” अध्यक्षांनी विचारले.

“मी,” बाकाखालून आवाज आला.

“एकाही वायरीला खूण नाही?”

मग मास्तर बाहेर आले, गुडघे झटकले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. फक्त एकदा. माझा हात खिशात होता आणि तो गोळा बोटांना चिकटला होता. “मी काढल्या” हे दोन शब्द बोलायला किती वेळ लागतो? मी अध्यक्षांना म्हणालो, “आपण ग्रंथालय पाहू या का?”

आम्ही ग्रंथालयात असताना लॅब सुरू झाली, पण अध्यक्षांचे लिहून झाले होते. अहवालात एक ओळ होती: जोडणी सदोष, खुणा नाहीत, प्रशिक्षित व्यक्ती नेमावी. जूनमध्ये बारावे पत्र निघाले नाही.

जाताना त्यांनी मला एक वही दिली. तिच्यात प्रत्येक वायरीचे दोन्ही टोकांचे पत्ते नकाशासह लिहिले होते. काखेत ती पाटी होती, वर्तमानपत्रातच. दारातून वळून ते एवढेच म्हणाले, “सर, पावण्याची वायर मोकळीच ठेवत जावा.” ते पोचले का, हे त्यांनी विचारले नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

पुढची काही वर्षे मी स्वतःची समजूत नाना प्रकारे घातली. अहवाल तसाही प्रतिकूलच आला असता. संस्थेने शब्द पाळलाच असता कशावरून. आणि मी मुद्दाम तर काही केले नव्हते. यातले एकही वाक्य खोटे आहे असे मला सिद्ध करता येत नाही, आणि तरी यातले एकही वाक्य मला कधी झोप लागण्याइतके उपयोगी पडले नाही. चिकटपट्ट्यांचा तो गोळा माझ्या टेबलाच्या खणात होता. दर वर्षी खण आवरताना मी तो हातात घेई आणि परत ठेवी.

मास्तर आजरा तालुक्यातल्या आपल्या गावी गेले आणि तिथे एका काजू-कारखान्याची तारांची कामे पाहतात, असे कळले. मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले, तेही गेले ते गेलेच. तेव्हा मला त्यांचाच नियम आठवला: पोच आली नाही तर रागवायचे नाही, थांबायचे, मग पुन्हा पाठवायचे. या वेळी मी स्वतःच निघालो. रिक्षावाल्याने मला स्टँडवर सोडले, आणि त्याचे काम संपले.

कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. बाहेर टरफलांचे ढीग, आत बायका ओळीने बसून काजू सोलत होत्या. शेडच्या टोकाला, भिंतीशी स्टुलावर बसून मास्तर एका वायरीच्या टोकाला क्लिप बसवत होते. केस पांढरे झाले होते. भोवतीच्या प्रत्येक वायरीवर, वजनकाट्यावर, पाण्याच्या माठावरसुद्धा पट्टी होती.

“या, सर,” त्यांनी वर पाहिले. काल भेटलो असल्यासारखे. “बसा की. काजू खावा, तुकडा हाय पर ताजा हाय.”

मी छत्री स्टुलाला टेकवून बसलो. त्यांच्या डोक्यावर, भिंतीला ठोकलेल्या फळीवर एक छोटा स्विच बसवलेला होता. फळीच्या कडेला पिवळी रेघ दिसत होती. नावाची बाजू भिंतीकडे होती.

“माझी पत्रे मिळाली नाहीत का?” मी विचारले.

“दोन्ही मिळाली.”

“मग?”

त्यांनी पक्कड खाली ठेवली. “तुमी लिवलं हुतं, त्या दिशी जे घडलं ते दुर्दैवी हुतं. दुसऱ्यात लिवलं, काही गोष्टी राहून गेल्या. लई गोड लिवता तुमी. पर मी उलटून पालटून बघितलं, कुठं जायाचं ते हाय, कुठनं आलं तेच न्हाय. असल्या पत्राची पोच कुणाला द्यायची, सांगा?”

आसपास बायकांचे हात चालू होते. एकीने कान इकडे लावल्याचे मला दिसले. मी पिशवीतून तो गोळा काढून स्टुलाच्या कडेवर ठेवला.

“पट्ट्या मी काढल्या,” मी म्हणालो. “पाहुण्याची वायर मी लावली. अध्यक्ष विचारत होते, तेव्हा हा गोळा माझ्या खिशात होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मी गप्प बसलो. तुमची पाटी माझ्यामुळे झाकलेली राहिली, सर.”

त्यांना ‘सर’ म्हणालो, हे मला बोलून झाल्यावर कळले. त्यांना ते आधीच कळले होते, कारण त्यांची भुवई जराशी वर गेली. त्यांनी गोळा उचलला, नखाने एक कडा सोडवायचा प्रयत्न केला. शाई केव्हाच उडाली होती.

“हां,” ते म्हणाले. “आता कुठनं आलं ते कळलं.”

मी वाट पाहत राहिलो.

“पोचलं,” ते म्हणाले. माझा चेहरा सैल पडलेला त्यांनी पाहिला असावा, कारण लगेच बोट वर केले. “पर सर, पोच म्हंजे—”

“उत्तर नव्हे,” मी म्हणालो.

“ध्यानात हाय म्हणायचं. उत्तराचं म्होरं बघू. लूप आता कोण शिकवतंय?”

“मीच.”

“ढग काढून?”

मी कबूल केले.

मघाची बाई पदर तोंडाला लावून हसली. तिला ढग म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण मास्तरांच्या आवाजातली थट्टा तिला कळली. मास्तरांनी खिशातून चिकटपट्टीचे भेंडोळे काढले, एक तुकडा दाताने तोडला, गुडघ्यावर ठेवून लिहिला आणि माझ्या छत्रीच्या मुठीवर घट्ट गुंडाळला. ‘कोल्हापूर – आजरा’. मग दुसरा तुकडा तोडून खालच्या टोकाला: ‘आजरा – कोल्हापूर’.

“ढग ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “तुमी त्या सकाळी काय केलासा, ते सांगा. पट्ट्या, खिसा, सगळं. तुमच्या नावानं सांगा. पोरं जल्मात इसरायची न्हाईत. पोचलं का?”

मी मान हलवली.

छत्री माझ्याकडे सरकली नाही. मुठीवरचा त्यांचा हात तसाच होता, आणि ओठ हळूहळू हलत होते. ते मनात अंक मोजत होते.

“पोचलं,” मी म्हणालो.

त्यांनी छत्री सोडली.